येळवशीला धानोऱ्यात

अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला,
"कोणतं धानोरा? बुद्रुक का खुर्द?"
आडनावात ते लिहिलेलं नव्हतं.
चार पिढ्या आम्ही धानोरकर,
लग्नपत्रिकांवर, रेशनकार्डावर,
अंबरनाथच्या काडेपेटी कारखान्यात
पणजोबांच्या हजेरीपटावर,
आणि कुणी कधी विचारलं नाही, थोरलं का धाकटं.
"जे आधी येईल ते द्या."
त्यानं तिकीट दिलं, काम काय तेही विचारलं.
बँकेचं, असं सांगून टाकलं.
खरं तर मला एका कुंडीबद्दल विचारायचं होतं.

तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, मार्गशीर्षातली अवस.
वडील कुंडीतल्या मातीवर पाच गोटे मांडायचे,
चुना नसला तर पांढरं दंतमंजन फासायचे,
आंबिलीच्या बिंदगीऐवजी स्टीलचा डबा,
आणि प्रदक्षिणेला जागा नाही म्हणून
स्वतःभोवतीच फिरायचे, तांब्यातलं पाणी सांडत,
तोंडानं काहीतरी पुटपुटत,
अर्धं कानडी, अर्धं कुणालाच न कळणारं.
खालून डिसिल्व्हाबाई ओरडायच्या, कपडे भिजले!
शेत नाही, बैल नाही, सातबाऱ्यावर नाव नाही.
मग हे कुणासाठी, मी एकदाच विचारलं.
"करायचं असतं," ते म्हणाले.
त्यांनाही तेवढंच सांगितलं गेलं होतं.

यंदा ते नाहीत.
गोटे माझ्या पर्समध्ये, रुमालात.

गाव आलं, तर गावात माणूस नाही.
दुकानाला कुलूप, ग्रामपंचायतीला कुलूप,
पारावर एक कुत्रं, तेही कुठंतरी निघालेलं.
मी दारांवरच्या पाट्या वाचत हिंडले.
मुसळे. केंद्रे. शेख. सूर्यवंशी. पुन्हा मुसळे.
पिठाच्या गिरणीपाशी एकटीच हसले.
धानोऱ्यात कोण कशाला धानोरकर असेल?
हे नाव वेशीबाहेर पडल्यावरच मिळतं,
शाळा सोडल्याचा दाखला असतो, तसं.
तोच दाखला घेऊन चार पिढ्यांनंतर
मी पुन्हा नाव घालायला आले होते.
मास्तर सुट्टीवर.

कुत्र्यामागं गेले.
तुरीच्या कडेला कडब्याची खोप,
आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड,
बाहेर घोंगड्यांवर वीसेक माणसं जेवत बसलेली.
एक म्हातारी, सोजरबाई, बसल्या जागेवरून म्हणाली,
"कुणाची गं तू?"
रात्रभर रेल्वेत याच प्रश्नाला भीत आले होते.
"लिंबाजीची असेन. प्लेगात गेलेला. नाहीतर दुष्काळात."
तिनं बोटांवर लिंबाजी मोजले.
"लिंबाजी लई झाले," ती म्हणाली.
"बस. भज्जी निवायली."

भज्जी आईच्यासारखी नव्हती.
आई फ्रीजमधले वाटाणे घालायची आणि चमचाभर साखर.
इथं चिंच, ओल्या तुरीचा हिरवा उग्र वास,
तिखटानं नाक वाहिलं.
ओळख पटली वगैरे काही झालं नाही.
पण जेवणं झाल्यावर सोजरबाईचा लेक उठला,
तांब्या घेऊन खोपीभोवती फिरू लागला,
आणि त्याच्या तोंडून माझे वडील पुटपुटले.
तेच. तिथंच श्वास तोडत. तोच एक शब्द गिळत.
मी उसाच्या फडाकडं बघत राहिले.
मग त्याला अर्थ विचारला.
"अर्थ? काय की बाई. करायचं असतंय."

मी रुमाल सोडला.
सोजरबाईनं एक गोटा उचलला, नाकाशी नेला.
"मंजन?"
आणि ठसका लागेपर्यंत हसली,
सुना धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पाठ चोळली.
डोळे पुसून तिनं माझे पाच
तिच्या पाचांच्या मागं, कडब्याला टेकवून ठेवले,
उशिरा आलेल्या पाव्हण्यांना बसवतात तसे.

शेवटच्या गाडीला तोच कंडक्टर.
"झालं का बँकेचं काम?
येळवशीला इकडं बँक उघडी ऱ्हात नाही,
मला सकाळीच कळालं होतं."
बोटांना आंबिलीचा वास येत होता.
"अर्धं झालं," मी म्हटलं. "खुर्द राहिलंय."